साठीनंतरचा सा

निवृत्तीच्या समारंभात माणसाला तीन गोष्टी हमखास मिळतात : शाल, श्रीफळ आणि सल्ला. शाल कपाटात जाते, श्रीफळाच्या वड्या होतात; सल्ला मात्र पुढे वर्षभर पुरतो. ‘रोज फिरायला जात जा’, ‘आता नातवंडांत रमा’, ‘तीर्थयात्रा करून घ्या’. माझ्या निरोपाच्या दिवशी हे सगळे झालेच. पण एका तरुण सहकाऱ्याने सल्ला देण्याऐवजी मला प्रश्न विचारला, “साहेब, करायचं राहून गेलं, असं काय आहे हो तुमचं?”

मी पटकन बोलून गेलो, “पेटी शिकायची राहिली.”

मंडळी हसली. मीही हसलो. पण त्या दिवशी डोंबिवलीच्या गाडीत, छत्तीस वर्षांच्या सवयीने दाराजवळ उभा असताना माझ्या ध्यानात आले की, हे उत्तर मी थट्टेने दिलेले नव्हते.

लहानपणी आमच्या आळीच्या गणपतीत मेळा होत असे. मेळ्यातल्या गाणाऱ्या मुलांकडे सगळे पाहत. मी पाहत असे पेटीवाल्याच्या बोटांकडे. ती बोटे पट्ट्यांवर न पाहता चालत, याचे मला फार नवल वाटे. वडिलांपाशी एकदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “आधी शिक्षण, मग पेटी.” शिक्षण झाले. मग नोकरी, मग लग्न, मग घराचे हप्ते, मग मुलांची शिक्षणे. ‘मग पेटी’ यातला ‘मग’ काही संपेना. तुमच्यापैकी पुष्कळांचे असेच झाले असेल. कुणाची पेटी राहिली असेल, कुणाची सतार, कुणाची बासरी. त्या ‘मग’चे पुढे काय करता येते, तेच या लेखात सांगायचे आहे.

माळ्यावरची पेटी

पेटी विकत घ्यावी लागली नाही. ती घरातच होती. लग्नात पत्नीने माहेराहून आणलेली, तपकिरी लाकडाची, जुन्या घडणीची. पहिले काही महिने ती दोन खोल्यांच्या घरात कॉटखाली होती. मग पाळणा आला, माझी आई आजारी होऊन आमच्याकडे राहायला आली, आणि पेटी माळ्यावर गेली. पुढे घर बदलले तेव्हा ती नव्या घराच्या माळ्यावर गेली. पस्तीस वर्षांत तिचा पत्ता बदलला, जागा बदलली नाही.

गाद्या आणि दिवाळीच्या कंदिलाचे खोके बाजूला सारून मी ती खाली काढली. पत्नी भाजी निवडत होती. तिने एकदा वर पाहिले आणि म्हणाली, “पुसून घ्या आधी. धूळ झाली असेल.” एवढेच.

भाता हलवला तर कुठूनतरी वारा सुटल्यासारखा आवाज आला आणि न दाबताच दोन सूर एकदम रडू लागले. शेवटी एका जुन्या कारागिराकडे पेटी नेली. त्यांनी ती माझ्यासमोर उघडली, तेव्हा या वाद्याचे पोट मी प्रथम पाहिले.

पेटीचे शास्त्र तसे सोपे आहे. आत एका फळीवर पितळेचे ‘सूर’ ओळीने बसवलेले असतात. प्रत्येक सूर म्हणजे एक लहान पितळी चौकट आणि तिच्यावर एका टोकाला पक्की केलेली पितळी जिभली. भात्याने हवा भरायची. पट्टी दाबली की त्या सुराखालची वाट उघडते, हवा जिभलीला थरथरवत जाते, आणि नाद उमटतो. जिभली लांब आणि जाड असेल तर खर्जाचा, आखूड असेल तर वरचा. साडेतीन सप्तकांच्या पेटीत साधारण ४२ पट्ट्या असतात. सुरांचे संच दोन असले तर सुरांची संख्या दुप्पट होते. खर्ज, नर आणि मादी अशी या संचांची जुनी नावे आहेत. हे सूर बनवण्यासाठी सौराष्ट्रातले पालिताणा नावाजलेले आहे.

कारागीर बारीक कानशीने जिभली खरवडत होते. टोकाशी खरवडले की सूर चढतो, बुंध्याशी खरवडले की उतरतो. “जास्त घासलं तर सूर मेला,” ते म्हणाले. भात्याच्या घडीला उंदराने कुरतडले होते, दोन पट्ट्यांखालच्या तारा गंजल्या होत्या. बाकी पेटी धड होती. “चांगल्या हाताने वाजवलेली पेटी आहे,” असे ते म्हणाले. “पट्ट्या बघा, मधल्या सप्तकात सारख्या झिजल्यात. कोण वाजवायचं?”

मी म्हणालो, “घरातच.” पण हे उत्तर देताना मला जरा चमत्कारिक वाटले. कारण मी तिला वाजवताना दोनचार वेळांपेक्षा जास्त ऐकलेच नव्हते.

पेटीच्या खोक्याला आतून एक कापडी खिसा होता. घरी आल्यावर त्यात पेन्सिलीचा तुकडा, सरगम लिहिलेली पाठकोरी पाने आणि घडी घातलेला एक कागद मिळाला. तो कागद म्हणजे संगीत परीक्षेचे प्रवेशपत्र होते. मध्यमा पूर्ण. परीक्षेची तारीख ७ मे. आमचे लग्न त्याच वर्षी ४ मे रोजी झाले.

कागद पुन्हा घडी घालून मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. त्या दिवशी तिला काही विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

परदेशी पाहुणी

पेटी आपल्याला इतकी घरची वाटते की ती मूळची इथली नाही हे सांगावे लागते. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी हार्मोनियमचा एकाधिकार मिळवला. ती पायाने भाता हलवायची, टेबलाएवढी पेटी. मिशनरी आणि साहेबलोकांबरोबर ती हिंदुस्थानात आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता देऊन जमिनीवर मांडी घालून वाजवण्याजोगी केली. गाणारा जमिनीवर बसणारा, तेव्हा वाद्यानेही खाली बसावे, हे ओघाने आलेच.

महाराष्ट्राने तिला डोक्यावर घेतले ते नाटकांमुळे. रंगभूमीवर पायपेटी म्हणजे ऑर्गन स्थिरावला, आणि मैफलीत व भजनात हातपेटी. गोविंदराव टेंबे यांनी ही पेटी मानाने वाजवली. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमाना’च्या चालीही त्यांच्याच. पुढे पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशी एकाहून एक सरस वादकांची परंपरा या वाद्याला लाभली. पु. ल. देशपांडे पेटीवर बसले की लेखक कुठे संपतो आणि वादक कुठे सुरू होतो ते कळत नसे, असे त्यांना ऐकलेली मंडळी सांगतात.

विरोधही कमी झाला नाही. रवींद्रनाथ ठाकुरांना पेटी मुळीच आवडत नसे. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७०चे दशक उजाडावे लागले. आक्षेप दोन होते, आणि दोन्ही खोटे नाहीत. एक म्हणजे, पेटीवर मींड निघत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पायरी उतरावी लागते. दुसरा, सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे तिचे स्वर किंचित हललेले असतात. तंबोऱ्याचा खर्ज छेडला की त्यातून आपोआप एक गंधार उमटतो. पेटीचा शुद्ध गंधार त्याहून अगदी थोडा चढा असतो. जाणकाराचा कान तेवढ्यावर अडतो.

हा दोष काढण्यासाठी झटलेल्यांत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे एक. गृहस्थ निवृत्त डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर ते बावीस श्रुतींच्या गणितात शिरले, १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटी घडवण्याच्या मागे लागले. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत या श्रुतींवरून मोठा वाद झाला. देवलांचे सगळे म्हणणे मान्य झाले नाही. पण मला त्यांची आठवण वेगळ्या कारणाने येते. महसुलाचे हिशेब संपल्यावर ज्याला स्वरांचे हिशेब सुचले, तो माणूस आम्हा पेन्शनरांचा मूळपुरुषच म्हटला पाहिजे.

कोणते वाद्य घ्यावे?

माझे ऐकून आमच्या इमारतीतल्या दोघातिघांनी विचारले, “आम्ही काय घ्यावं?” जे पाहिले आणि अनुभवले, ते सांगतो.

पहिला विचार हा की, पहिला बरा सूर निघायला किती दिवस लागतात. व्हायोलिन किंवा सारंगी घेतली तर स्वराची जागा बोटाने शोधावी लागते आणि गजाचा दाब सांभाळावा लागतो. कित्येक महिने घरच्यांची कसोटी असते. बासरीत आधी फुंकर साधावी लागते. सतारीची तार बोटाच्या टोकाला घट्टे पडेपर्यंत कापते. पण ज्याच्या मनात तीच आहे त्याने तीच घ्यावी. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांच्या पेठेत एक फेरी मारावी, निम्मा निर्णय तिथेच होतो. तबल्याला बोटांत जोर आणि शेजाऱ्यांत सोशिकपणा लागतो.

पेटीचे सुख असे की, पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. पहिल्या दिवशीच ‘सा’ हा ‘सा’सारखा वाजतो. उतारवयात सुरुवात करणाऱ्याला हा दिलासा फार मोलाचा आहे. गुडघे मांडी घालू देत नसतील तर पेटी टेबलावर ठेवून खुर्चीवर बसावे. त्यात कमीपणा नाही. पावसाळ्यात ती भिंतीला टेकवून ठेवू नये. जिथे दमट हवा आहे, तिथे रोज थोडा वेळ वाजवणे हाच तिचा सर्वांत चांगला औषधोपचार.

दुसरा विचार गुरूचा. मोबाइलवर आज तंबोरा मिळतो, तबल्याचा ठेका मिळतो, शिकवणारेही पैशाला पासरी मिळतात. तंबोरा आणि ठेका जरूर घ्यावा. पण तुमचे मनगट उचलले गेले आहे, खांदा ताठला आहे, भाता धापा टाकतो आहे, हे समोर बसलेल्या माणसालाच दिसते.

बोटांची बालवाडी

आमच्या घराजवळच्या संगीतवर्गात मी दसऱ्याच्या दिवशी नाव घातले. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या मला ‘काका’ म्हणत, मी त्यांना ‘बाई’. वर्गात इतर सात विद्यार्थी; सर्वांत मोठा तेरा वर्षांचा.

पहिल्याच दिवशी मी माझे मनोगत सांगितले : मला अमुक भावगीत बसवायचे आहे, तमुक नाट्यपद बसवायचे आहे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “काका, गाणं तुम्हाला येतं. तुमच्या बोटांना येत नाही. बोटांना आधी बालवाडीत घालू या.”

ती बालवाडी सहा महिने चालली. सा रे ग, रे ग म, ग म प. वर जायचे, खाली यायचे. आधी संथ, मग दुप्पट. शेजारी आठ वर्षांची एक मुलगी बसे. तिची बोटे चिमण्यांसारखी उडत आणि माझी बोटे बैलगाडीसारखी चालत. ती थोडा वेळ पाही आणि मग गंभीरपणे सांगे, “आजोबा, तुमचं तिसरं बोट पुन्हा चुकलं.”

एकदा मी फारच खट्टू झालो. त्याच सुमारास प्लेटोच्या एका संवादातली गोष्ट वाचनात आली. सॉक्रेटिस उतारवयात कोनस नावाच्या उस्तादाकडे तंतुवाद्य शिकायला जाई. वर्गातली पोरे त्याला हसत, आणि कोनसला ‘म्हाताऱ्यांचा मास्तर’ म्हणत. सॉक्रेटिसाला आपल्यापेक्षा काळजी वाटे ती आपल्यामुळे मास्तरांची थट्टा होते याची! अडीच हजार वर्षांत संगीताच्या वर्गात काही फरक पडलेला नाही, हे वाचून मला धीर आला.

आता वयाची अडचण खरोखर कुठे असते आणि कुठे नसते, ते पाहू. अनामिका एकटी उचलत नाही, हे मी म्हातारपणाच्या खाती मांडले होते. चौकशी केली तेव्हा कळले की, मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या स्नायूंच्या दोऱ्या हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात; तिची ही परतंत्रता लहान मुलालाही असते. कानाची भीती होती. पण वयाबरोबर आधी कमी ऐकू येतात ते अतिशय उंच, किरटे आवाज. पेटीचे सूर त्याच्या पुष्कळ खाली असतात. खरी अडचण वेगाची आहे. मूल जे चार दिवसांत उचलते त्याला आपल्याला पंधरा दिवस लागतात. सकाळी बोटे आखडलेली असतात. कोमट पाण्यात हात धरून मग बसावे. दुखायला लागले तर थांबावे. हट्ट तरुणांना परवडतो.

एक गोष्ट मात्र अनुभवाने पटली. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे सकाळी आणि वीस संध्याकाळी बसणे कितीतरी फलदायी. रात्री जो पलटा मुळीच बसत नाही, तो कधीकधी सकाळी आपसूक बसलेला आढळतो. बोटांनी शिकलेले झोपेत पक्के होते, असे शास्त्रज्ञही सांगतात.

आणि प्रौढाजवळ एक ठेव असते, जी मुलाजवळ नसते. आपल्या कानात साठ वर्षांचे गाणे साचलेले असते. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते आमच्या पिढीने जन्मल्यापासून ऐकली आहेत. पट्टी चुकली की ते कानातले गाणे लगेच कुरकुरते. मुलाला चूक सांगावी लागते. आपल्याला ती टोचते.

पाच काळ्या पट्ट्या

नव्याने बसणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. मला तिने पहिल्या वर्षी तगवले.

पेटीच्या सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात : आधी दोघींची जोडी, मग तिघींचा गट. त्यांना काळी एक ते काळी पाच म्हणतात. पांढऱ्या पट्ट्यांना हातही न लावता फक्त या पाच वाजवायच्या. काळी तीनला ‘सा’ मानून चढत गेलात तर सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे स्वर मिळतात. काळी एकला ‘सा’ धरलात तर त्याच पट्ट्यांवर सा रे म प ध, दुर्गेचे स्वर. काळी चारवरून मधमाद सारंगाचे. काळी दोनवरून धानीचे. आणि काळी पाचवरून मालकंसाचे, कोमल गंधार, धैवत, निषादासह.

पट्ट्या त्याच पाच. फक्त ‘सा’ कुठे धरला, तेवढे बदलले. सकाळी हे करून पाहिले तेव्हा मी लहान मुलासारखा टाळी वाजवून हसलो. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, चलन हवे, वादी-संवादी हवेत, हे बाईंनी लगेच बजावले. तरी दरवाजा उघडल्याचा आनंद झालाच.

स्वयंपाकघरातला निषाद

वर्षभर मी पुढच्या खोलीत वाजवत होतो आणि पत्नी आत आपल्या कामात होती. ती वाजवण्याबद्दल चांगले किंवा वाईट, काही बोलत नसे. एकदाच म्हणाली, “शेजारी दुपारी झोपतात. पेटीवर जाड पंचा टाका.”

एका संध्याकाळी मी खमाजाची सरगम घोळवत होतो. चढताना जमे, उतरताना काहीतरी टोचे, पण काय ते सापडेना. दहाव्या-बाराव्या खेपेस आतून, फोडणीच्या चरचराटातून आवाज आला,

“उतरताना निषाद कोमल घ्या.”

मी घेतला. खमाज जागेवर आला.

उठून आत गेलो. ती पाठमोरी उभी होती. उजव्या हाताची बोटे ओट्याच्या कडेवर हलत होती. नि ध प, म ग. माझी चाहूल लागताच बोटे थांबली.

“तू बस ना जरा पेटीवर,” मी म्हणालो.

“आता नको.”

“का?”

“आता हात गेलाय माझा. आणि पोळ्या व्हायच्यात.”

आपल्या घरांतल्या किती बायकांची वाद्ये अशी ‘पोळ्या व्हायच्यात’ या सहा अक्षरांच्या आसपास थांबली असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. लग्नाआधी ‘गाणे येते’ हे मुलगी दाखवताना सांगायचे. लग्नानंतर ते कुणी विचारायचे नाही. आम्ही पुरुष मंडळी निवृत्त होतो, सत्कार होतो, आणि मग राहिलेली हौस पुरवायला बसतो. तिला निवृत्तीची तारीखच नसते. मग राहिलेले पुरे करायचे कधी? मला उशिरा वाद्य शिकणे म्हणजे धाडस वाटत होते. त्या धाडसाचा चहा मात्र ती दोन वेळा आणून देत होती.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या पोळ्या मी करू लागलो. त्याचे कौतुक सांगत नाही; पहिल्या आठवड्यातल्या पोळ्या पाहिल्या असत्या तर कुणी केलेही नसते. तरी ती पेटीवर बसली नाही. एक महिना गेला. मी पोळी लाटताना ती पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाची. मग एके दिवशी भात्याचा आवाज आला. एकच सूर, लांब, न हलणारा. सा. बराच वेळ तोच सूर. मग रे. मी पोळी करपू दिली.

प्रवेशपत्र

गेल्या वर्षी मी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसलो. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी या मंडळाची स्थापना केली. गावोगावची किती पिढ्यांची मुले त्याच्या परीक्षांना बसली असतील! प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी ती चढण आहे.

केंद्रावर सगळी मुले आईबापांबरोबर आलेली. एका पालकाने मला विचारले, “नातू कितवीत आहे?” मी म्हणालो, “मीच आहे.” परीक्षकांसमोर बसलो तेव्हा पाय कापत होते, नोकरीतल्या छत्तीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. भूप वाजवला. मधे एक पलटा सुटला, पुन्हा पकडला. परीक्षक म्हणाले, “घाई कशाला? सावकाश वाजवा.” कुणी कधी इतके मनासारखे बोलल्याचे मला आठवत नाही.

पास झालो. प्रमाणपत्र घरी आणले त्या दिवशी मी टेबलाचा खण उघडला आणि तो जुना, पिवळा कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने तो उघडला. बराच वेळ वाचत राहिली, जणू त्यात पुष्कळ मजकूर होता.

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणालो. “तू बोलली का नाहीस?”

“कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली. “मुहूर्त ठरला होता, हॉल ठरला होता. तीन दिवसांसाठी कोण लग्न पुढे ढकलणार? आणि सांगून तुम्ही तरी काय केलं असतं?”

याचे उत्तर प्रामाणिकपणे देणे मला कठीण गेले. त्या वयात मी काहीच केले नसते, हेच खरे. मी तसे सांगितले. ती हसली आणि म्हणाली, “मग बरं झालं, नाही सांगितलं ते.”

पण तो कागद तिने पुन्हा पेटीच्या खिशात ठेवला नाही. तो आता देवघराशेजारच्या भिंतीवर, माझ्या प्रमाणपत्राच्या बाजूला आहे.

या दसऱ्याला पेटीची पूजा झाली आणि वर्गात आमच्या घरचे दोन अर्ज गेले. बाई तिला म्हणाल्या, “काकू, तुमची तयारी आहे, वरच्या परीक्षेचा विचार करा.” तिने ऐकले नाही. “हात पुन्हा खालून तयार करीन. फुकटचा मान नको,” म्हणाली. तेव्हा या हिवाळ्यात आम्ही दोघेही प्रवेशिका प्रथमला बसत आहोत. पेटी एकच असल्यामुळे वेळा वाटून घेतल्या आहेत : सकाळ माझी, संध्याकाळ तिची. संध्याकाळच्या पोळ्या माझ्याकडे कायम.

मोठा वादक मी होणार नाही. ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण आमच्या इमारतीच्या कोजागिरीला या वर्षी मी पेटी धरली आणि तिने एक पद म्हटले. तिसऱ्या ओळीला माझे बोट चुकले. ती थांबली नाही. उलट मला सावरायला जागा मिळावी म्हणून तिने ती ओळ पुन्हा घेतली. ऐकणाऱ्यांना ती मुद्दाम घेतलेली वाटली.

दिवाळीच्या साफसफाईत तुम्ही माळा काढाल. गाद्यांमागे एखादे खोके दिसेल. धूळ पुसून आधी ते कुणाचे आहे ते विचारा.

आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजत आले आहेत. मला आता उठले पाहिजे. कणीक भिजवायची आहे, आणि पेटी मोकळी करून द्यायची आहे.